गोऱ्ह्याला बदाम कोणी सांगितले?

बस तिथे. डॉक्टर गोठ्यात आहेत, गोऱ्हा मान उचलायला लागला आहे, असं तूच सांगतोस. म्हणजे आता मी बोललो तरी चालेल. मध्ये ‘पण सर’ करायचं नाही.

ही खुराकाची यादी तुझ्याच अक्षरातली ना? सकाळी सरकीची ढेप, उडदाची डाळ, गव्हाची कणीक. दुपारी भिजवलेले बदाम आणि खारीक. संध्याकाळी दुधात फेटलेली अंडी, तूप, वरून गूळ. तळेगाव दशासरचा बैलांच्या शर्यतीचा पट जवळ आला तसं सगळं दुप्पट. आणि अगदी खाली, कडब्यापुढे काय लिहिलं आहेस? ‘थोडा’. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेतलेला मुलगा बैलाच्या यादीत कडबा थोडा लिहितो! बाकी सगळी यादी बरोबर असती तरी एवढ्यासाठी मी तुला नापास केलं असतं.

कोठीपोटात, म्हणजे बैलाच्या पहिल्या पोटात, काय चालतं हे मी फळ्यावर काढून दाखवलं होतं. तू पुढच्या बाकावर बसायचास. बैल जे गिळतो ते आधी बैलाला मिळतच नाही. कोठीपोटातले सूक्ष्मजीव ते आंबवतात, त्यातून जी आम्लं तयार होतात त्यांवर बैलाची ताकद चालते, आणि ते सूक्ष्मजीव पुढे सरकून पचले की त्याला प्रथिनं मिळतात. गुळाची साखर साखर म्हणून रक्तात जात नाही. रक्तातली साखर बैलाचं यकृत स्वतः तयार करतं, त्या आंबवण्यातूनच आलेल्या आम्लापासून. मग तू गूळ ओतलास तेव्हा पोटात काय झालं? पिठाचा आणि गुळाचा सपाटून मारा झाला की लॅक्टिक आम्ल करणारे जीव माजतात, तंतू पचवणारे मरतात. कोठीपोटाचा सामू सहा-साडेसहाच्या आसपास असावा लागतो, तो साडेपाचाच्या खाली घसरतो आणि गोऱ्हा सुस्त पडतो. त्याने रवंथ सोडला होता की नव्हता? शेण पातळ, आंबूस वासाचं, त्यात अख्खे दाणे दिसत होते की नव्हते? तू म्हणालास, ‘जास्त गरमी झाली असेल सर.’ गरमी नाही. तुझ्या हातचं अन्न बाधलं त्याला.

आणि तूप. सुक्या आहाराच्या सहा-सात टक्क्यांवर स्निग्धांश गेला की चाऱ्याचं पचन मंदावतं. सरकीच्या ढेपेत मुळातच तेल असतं, त्यावर तू वाटीवाटीने तूप सोडलंस. म्हणजे जो ‘थोडा’ कडबा जात होता तोही नीट पचू दिला नाहीस.

कडबा बैलाला नुसता पोट भरायला लागतो असं समजू नकोस. कडबा चावताना लाळ सुटते. मोठं जनावर दिवसाला शंभर लिटरच्या वर लाळ गाळतं आणि तीच पोटातलं आम्ल मारते. निरोगी बैल दिवसाचे सहा-आठ तास रवंथ करतो. कणकेच्या गोळ्यावर रवंथ होत नाही, बदामावर होत नाही. चारशे किलोच्या गोऱ्ह्याला रोज आठ ते दहा किलो सुका आहार पुरतो, त्यातला निदान दोन तृतीयांश चारा हवा. ज्वारीचा कडबा, हरभऱ्याचं कुटार, तुरीचं कुटार, थोडा हिरवा चारा. हे सगळं तुझ्याच शेतात निघत होतं. गावागावांत सोयाबीन आलं आणि ज्वारी गेली, कडबा विकत घ्यायची वेळ आली, हे मला ठाऊक आहे आणि त्याचं वाईटही वाटतं. पण बदामाला पैसे निघाले ना? मग कडब्याची पेंढी महाग कशी?

बरं, हे सगळं कशासाठी? पटावर जोडी सुटते आणि झेंडी पडेपर्यंत काही सेकंद जातात. घड्याळ सेकंदाच्या शंभराव्या भागावर निकाल देतं. एवढ्या वेळाचं बळ स्नायूंमध्ये आधीच साठलेलं असतं. ते महिनोन्‌महिन्यांच्या साध्या चाऱ्यातून, रोजच्या चालवण्यातून, विश्रांतीतून येतं. पटाच्या सकाळी चारलेली अंडी त्या धावेच्या कामी येऊच शकत नाहीत. ती कोठीपोटात असतात आणि जोडी परत गोठ्याकडे निघालेली असते. धावेला पोट हलकं लागतं आणि तू तिथे ओझं भरलंस.

तुझा मित्र म्हणे पुण्याला रेसच्या तबेल्यात होता आणि त्याने सांगितलं की घोड्याला दाणा लागतो, मग बैलाला का नको. घोडा रवंथ करत नाही, एवढं तरी त्याला माहीत असेल ना? घोड्याचं पोट आठ-पंधरा लिटरचं, दाण्यातलं पिष्ट त्याच्या लहान आतड्यात पचतं, म्हणून त्याला ओट चालतात, तेही दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे. आणि नुसते ओट दिले तर त्याचंही पोट दुखतं, खूर सुजतात. महालक्ष्मी रेसकोर्सवर धावणाऱ्या घोड्यालाही रोज वजनाच्या टक्का-दीड टक्का सुका चारा लागतोच. ऐकून घ्यायचंच होतं तर पूर्ण ऐकायचं. तू अर्धं ऐकलंस आणि ते घोड्याचं बैलाला लावलंस.

आता सगळ्यात वाईट गोष्ट. बांबूच्या नळ्यातून दूध-अंडी पाजलीस ना? डोकं वर ओढून, जीभ बाहेर धरून? जीभ धरलेल्या जनावराला नीट गिळता येत नाही, खोकताही येत नाही. घोट श्वासनळीत गेला की फुप्फुसाला सूज येते आणि जनावर कण्हत मरू शकतं. तुझा गोऱ्हा वाचला, यात तुझी काही हुशारी नाही.

पटाच्या दिवशी पाणीही तोडलंस. ‘हलका पळतो सर.’ रोज चाळीस-पन्नास लिटर पाणी पिणारं जनावर, उन्हात गाडीवर उभं करून नेलेलं, आणि तू त्याची बादली लपवलीस!

सात वर्षं या शर्यती बंद होत्या. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, 16 डिसेंबर 2021 ला अटींवर परवानगी मिळाली, 18 मे 2023 ला घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. बंदीच्या काळात गावोगाव एकच सांगणं होतं, आम्ही बैलाला पोटच्या पोरासारखं जपतो. मीही तसंच सांगत फिरलो, कारण वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचं बैलावरचं प्रेम खरं आहे. गवळाऊ जात विदर्भातल्याच लोकांनी पळण्यासाठी जोपासली. काठी, टोचणी, विजेचा झटका यांना कायद्याने मनाई आहे आणि ती तू पाळतोस, हे मला मान्य आहे. पण काठीचा वळ दिसतो तरी. तुझ्या खुराकाचा घाव बाहेरून दिसत नव्हता, आणि चावडीवर लोक वाहवा करत होते, ‘काय जोडी ठेवली बावा!’

राग मला तुझ्या बाबांचा नाही. त्यांनी जे पाहिलं ते केलं. बदामाने माणसाला बळ येतं, म्हणून बैलालाही येईल, हे त्यांनी मायेपोटी मानलं. पण तुला माहीत होतं. परीक्षेत तू हाच प्रश्न सोडवला होतास. घरी मात्र मोठ्यांपुढे जीभ टाळ्याला चिकटली, कारण जोडी नावाजली तर नाव तुझंही होतं. शेतकऱ्याच्या घरात शिकलेलं मूल कशासाठी असतं? नोकरीच्या फॉर्मवर पदवी लिहायला? गोठ्यात जेव्हा कोणी चुकतं तेव्हा त्यांच्या पाया पडून ‘बाबा, हे नका करू’ म्हणायला असतं.

आता ऐक आणि लिहून घे. डॉक्टर सांगतील तेवढे दिवस दाणा पूर्ण बंद. खायचा सोडा आणि औषधं त्यांच्या हातूनच जातील, तू मनाने काही द्यायचं नाही. गव्हाणीत वाळलेला कडबा ठेव, कापून, पण बारीक भुगा करून नाही. बादली चोवीस तास भरलेली. मिठाची वीट टांग. गोऱ्हा सावरला की दाणा मूठमूठ वाढवायचा, पुढच्या दोन-तीन आठवड्यांत, एका दिवसात नाही. ढेप बुरशीची वाटली तर उकिरड्यावर टाक, स्वस्तात मिळाली म्हणून चारायची नाही. सकाळ-संध्याकाळ डाव्या भकाळीवर मूठ दाबून ठेव आणि घड्याळ बघ: दोन मिनिटांत दोन-तीन वेळा पोट हाताला ढकलेल. ढकलत नसेल तर रात्री दोन वाजता असलं तरी डॉक्टरांना उठव. या वर्षीचे बाकीचे पट या जोडीने धावायचे नाहीत. आणि बाबांना फोन दे, त्यांच्याशी मी बोलतो.