वाटेवर मिळालेली मदत कोणास फेडावी?

मनुष्याचें वाहन सुरळीत चालत आहे तोंवर आपणांस दुसऱ्याची गरज आहे, हें त्यास फारसें आठवत नाहीं. चाक थांबलें म्हणजे मात्र ही गोष्ट तत्काळ ध्यानांत येते. एके काळीं खेड्यापाड्यांतून फिरणारे शिक्षक व उपदेशक पायीं, बैलगाडीनें अथवा सायकलीवर जात. आतां त्यांच्यांतील पुष्कळांच्या दारीं मोटरसायकल उभी असते. तिनें गांवें जवळ आणिलीं हें खरें. परंतु ती बंद पडते तेव्हां आपण घरापासून पूर्वीपेक्षां पुष्कळच दूर असतों. अशा वेळीं मित्र धांवून आले, तर त्यांचें आपणांवर कांहीं ऋण होतें काय? होत असल्यास तें कोणास व कसें फेडावें? या प्रश्नाचा वाचकांनीं आमच्याबरोबर थोडा विचार करावा, अशी आमची विनंती आहे.

प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण तो तसा नाहीं. मोटरसायकल बंद पडण्यास मोठें कारण लागत नाहीं. साखळीचा लहानसा दुवा निखळला, क्लचची तार तुटली, प्लगवर काजळी धरली, किंवा चाकांत खिळा शिरला, कीं शंभर-सव्वाशें किलोचें यंत्र हातानें ढकलण्याची पाळी येते. घाटाच्या चढावर तर तें एकट्याच्यानें ढकलवत नाहीं. रात्रीं दिव्यावांचून रस्त्याच्या कडेला उभें राहणें जिवावर बेतूं शकतें. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं भारतांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मरण पावलीं, व त्यांपैकीं शेंकडा ४४ हून अधिक दुचाकीवरील होतीं. यास्तव वाटेवरील मदतीनें कित्येकदां कोणाचा तरी जीव वांचतो.

एक उदाहरण देतों. कांहीं वर्षांमागें आम्ही पांच स्नेही तीन मोटरसायकलींवरून नगराहून कल्याणाकडे निघालों होतों. आळेफाटा व ओतूर मागें टाकून माळशेज घाट उतरलों, आणि पायथ्याशीं एका गाडीच्या मागल्या चाकांतील ट्यूबचा व्हॉल्व्हच उपटून आला. अशा ट्यूबला ठिगळ लागत नाहीं; ती बदलावीच लागते. दिवस मावळत होता. दोघांनीं चाक काढलें, व तें मांडीवर घेऊन ते दुसऱ्या गाडीवरून टोकावड्यास गेले. परंतु तेथें त्या मापाची ट्यूब मिळेना. तेव्हां आमच्यांतील एकानें मुरबाडाकडील आपल्या एका गवंडी मित्रास मोबाइलवरून कळविलें. तो हातांतलें काम सोडून निघाला, दुकान बंद करणारास थांबवून ट्यूब घेतली, आणि अंधार पडल्यावर आमच्यापाशीं येऊन पोहोंचला. चाक बसविल्यावर त्यानें आम्हां सर्वांस घरीं नेऊन भाकर व कालवण वाढलें. निघतांना ट्यूबचे पैसे दिले ते त्यानें घेतले. मग आमच्यांतील एकानें पांचशेंची नोट काढून “ही तुझ्या श्रमाची” असें म्हणून त्याच्या हातावर ठेविली. त्या गवंड्याचें तोंड एकदम उतरलें. “दादा, मी मजुरीला आलों नव्हतों,” एवढेंच बोलून त्यानें नोट परत केली.

पुढील वाटेवर आमच्यांत यावरून वाद पडला. एक म्हणाला, “मित्रांत हिशेब कसला? नोट काढावयासच नको होती.” ज्यानें नोट दिली होती तो म्हणाला, “त्याचें हातावर पोट आहे. काम सोडून आल्यामुळें त्याची मजुरी कापली जाणार. ती त्यानें कां सोसावी?” या दोहोंतही तथ्य आहे, आणि दोन्ही मतें अपुरीं आहेत असें आम्हांस वाटतें.

मित्रांत हिशेब नसतो, हें वाक्य मदत करणाराच्या तोंडीं शोभतें. घेणाराच्या तोंडीं शोभत नाहीं. गांवांत ज्याच्याजवळ जीप आहे, किंवा ज्यास इंजिन खोलतां येतें, त्याच्या दारीं लोक रात्रीं-अपरात्रीं येतात. डिझेल त्याचें जळतें, झोप त्याची मोडते, आणि त्याच्या पदरीं मात्र “आपलाच माणूस आहे” एवढे शब्द पडतात. अशा रीतीनें मैत्रीचें नांव घेऊन एकाच मनुष्यावर वारंवार भार घालणें हा अन्याय होय; आणि तो बहुधा गरिबावरच होतो, कारण त्यास नाहीं म्हणण्याची लाज वाटते.

दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं, कोणाचाही उपकार शिल्लक ठेवूं नये. झाला कीं लगेच फेडावा. रोमी तत्त्ववेत्ता सेनेका यानें उपकारांविषयीं सात भागांचा एक ग्रंथ लिहिला. उपकार फेडण्याची जो घाई करितो त्याच्या ठायीं कृतज्ञता नसून ऋणकोची धास्ती असते, असा त्यांतील एक विचार आहे. त्याच्याही पूर्वीं ॲरिस्टॉटल यानें आपल्या नीतिशास्त्रांत असें दाखविलें कीं, उपकार घेणाराच्या प्रेमापेक्षां करणाराचें प्रेम अधिक असतें. कारण कारागिरास आपल्या हातची वस्तु जशी प्रिय, तसा उपकार करणारास तो मनुष्य प्रिय होतो. गवंड्यास आपण बांधलेली भिंत किती प्रिय असते, हें कोणाही गवंड्यास विचारावें. त्या रात्रीं त्यानें आमच्यासाठीं जें केलें तें त्याचें स्वतःचें होतें. नोटेनें त्याची किंमत ठरविली, आणि तें विकत घेतल्यासारखें झालें. म्हणून त्याचें तोंड उतरलें.

मग मार्ग कोणता? तो आपल्याच गांवच्या शेतांत दिसतो. आपल्याकडे ‘सावड’ व ‘इर्जिक’ अशा दोन जुन्या रीति आहेत. सावडींत मोजमाप असतें: आज तुझे बैल माझ्या शेतांत, उद्यां माझे तुझ्या शेतांत. इर्जिकींत तसें नसतें. एखाद्याची नांगरट अडली कीं गांवकरी आपापलीं औतें घेऊन एक दिवस त्याच्या शेतांत राबतात, आणि तो त्यांस जेवूं घालतो. त्या जेवणास कोणी मजुरी म्हणत नाहीं. आमच्या वाडवडिलांस ठाऊक होतें कीं, कांहीं गोष्टी मोजावयाच्या असतात व कांहीं मोजावयाच्या नसतात. सावडीचा हिशेब बुडविणारा लबाड, आणि इर्जिकीस आलेल्या माणसांपुढें पैसे मोजणारा अडाणी.

वाटेवरील मदतींतही हे दोन भाग वेगळे करावे. ट्यूब, पेट्रोल व बुडालेली मजुरी हीं मोजतां येतात. तीं मित्रानें मागण्याआधीं आपण काढावीं. मात्र मजुरी ही श्रमाची किंमत म्हणून न देतां, “तुझा किती खाडा झाला?” असें सरळ विचारून नुकसानभरपाई म्हणून द्यावी. अशा विचारण्यानें मित्राचा मान राहतो व त्याच्या घरची चूलही अडत नाहीं. तो नाहींच म्हणाला, तर आग्रह धरूं नये. त्याच्या घरीं काम निघेल त्या दिवशीं आपले हात घेऊन जावें. यरीहोच्या वाटेवरील जखमी मनुष्याच्या दृष्टांतांत हाच भेद आहे. शोमरोन्यानें आपलें तेल, द्राक्षारस, जनावर व वेळ यांचा हिशेब सांगितला नाहीं. परंतु उतारशाळेच्या मालकास मात्र त्यानें दोन दिवसांच्या मजुरीएवढीं दोन नाणीं रोख दिलीं, व अधिक खर्च झाल्यास परत येतांना देईन असें सांगितलें.

आतां जें मोजतां येत नाहीं त्याचें काय? काम टाकून येणें, अंधारांत आपणांस शोधणें, आपल्या ताटांतील भाकर वाढणें, यांची फेड त्याच मित्रास करावी असें म्हटलें, तर त्याची गाडी कधीं बंद पडते याची वाट पाहत बसावें लागेल! हें ऋण मागें फिरत नाहीं. तें पुढेंच द्यावें लागतें. वाटेवर जो पुढें अडलेला दिसेल तोच त्याचा धनको. तो बहुधा आपला मित्र नसतो, आणि येथेंच आपली खरी परीक्षा होते. मित्रानें आपणांस ओळखून मदत केली. आपण तीच मदत न ओळखतां करावयाची आहे.

यावर कोणी म्हणेल, वाटेवर चोर असतात, आणि मदत करणाराच्याच मागें पोलीस लागतात. दुसरी भीति अपघातांतील जखमींस उचलण्याविषयीं फार होती. परंतु ३० मार्च २०१६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें अशा मदत करणारांच्या रक्षणाचे नियम बंधनकारक केले, व २०१९ च्या दुरुस्तीनें मोटार वाहन कायद्यांत कलम १३४ अ घालण्यांत आलें. सद्भावनेनें मदत करीत असतां जखमीस इजा झाली किंवा मृत्यु आला, तरी त्याबद्दल मदत करणारावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाहीं. हें कलम अपघातासंबंधीं आहे. नुसत्या बंद पडलेल्या गाडीपाशीं थांबण्यास तर कोणत्याही कायद्याची आडकाठी नाहीं. चोरांची भीति मात्र खोटी नव्हे, आणि एकट्यानें, विशेषतः एकट्या स्त्रीनें, निर्जन जागीं उतरावें असें आम्ही सांगत नाहीं. पुढच्या गांवांत थांबून दुरुस्तीच्या दुकानांत वर्दी देणें, किंवा मोबाइलवरून ११२ या क्रमांकावर कळविणें, एवढें तर कोणासही करितां येतें.

म्हणून आमचें सांगणें इतकेंच आहे. प्रवासास निघतांना एक जास्त ट्यूब व हवा भरण्याचा पंप बरोबर घ्या, म्हणजे मित्रांवर विनाकारण भार पडणार नाहीं. तरीही अडलांत, तर हांक मारण्यास लाजूं नका. मित्राचें जें मोजतां येतें तें त्याच दिवशीं द्या. जें मोजतां येत नाहीं तें मनांत ठेवा, आणि पुढल्या वेळीं रस्त्याच्या कडेला कोणी गाडी ढकलीत जातांना दिसलें, तर आपला वेग कमी करा.