पट्ट्यांचं रान

सावकाश बसा. डोळे मिटा आणि पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशात या, नियामे शहराजवळच्या एका पठारावर. पठाराला उतार आहे, पण शंभर पावलं चालूनही तो पायांना कळणार नाही. पाण्याला मात्र कळतो.

आता घारीसारखं वरून पाहा. झाडोऱ्याचा काळपट पट्टा, मग उघड्या तांबूस जमिनीचा, पुन्हा झाडोरा. वाघाच्या अंगावरचे असावेत तसे, सारे उताराला आडवे. सोमालीलँडमधल्या अशाच पट्ट्यांवर मॅकफॅडयन नावाच्या अभ्यासकानं १९५० साली लिहिलं, तेही विमानातून काढलेली छायाचित्रं पाहून. खाली उभं राहिलं तर नुसती झुडपं दिसतात.

श्वास संथ होऊ द्या. पाऊस येतो आहे.

थेंब उघड्या पट्ट्यावर पडतो. तिथल्या मातीनं खपली धरली आहे. आधीच्या पावसांनीच ती चोपून बसवली. थेंब आत शिरत नाही. शेजारच्या थेंबाला मिळतो, चिमूटभर माती घेऊन निघतो. त्याच्या मागोमाग जा.

झाडोऱ्याची कड लागते. पाला, काटक्या, गवताची बुडं. पाणी अडखळतं. माती खाली बसते. मुळांनी आणि वाळवीनं पोखरलेल्या भुईत पाणी उतरू लागतं. खाली, आणखी खाली. इथं थोडं थांबा.

उघडी जमीन वाया गेलेली वाटली होती ना? तिच्यावर पडलेलं पाणी हा झाडोरा पितो. एवढ्याशा पावसात सगळीकडे झाडं जगली नसती.

आता मनातल्या मनात पट्टे फिरवा, उताराच्या दिशेनं उभे करा. झाडं तेवढीच, पाऊसही तेवढाच. पण पाण्याला मधून सरळ वाट मिळाली. ते धावू लागतं, ओघळी पडतात, माती निघून जाते. सोसवत नाही ते पाहणं. श्वास सोडा, पट्टे पुन्हा आडवे करा.

आपल्या माळावरही हे माती अडणं भेटतं. गवताच्या ठोंबाला चढाच्या अंगानं हात लावून पाहा, अडलेली बारीक माती बोटांना लागेल.

पुन्हा पठारावर या. नियामेच्या चुलींसाठी अशाच पठारांवरून सरपण जातं. तोडलेल्या पट्ट्याशी पाणी अडखळत नाही.

न तोडलेल्या पट्ट्याच्या वरच्या कडेला या. पाणी इथं आधी पोचतं, म्हणून कोवळी रोपं इथंच धरतात. खालच्या कडेला ते उरत नाही, तिथली जुनी झाडं वाळतात. काही ठिकाणी असा अख्खा पट्टा वर्षावर्षानं चढ चढत जातो. त्या रोपांशेजारी, उघड्या मातीच्या काठावर, हवं तितका वेळ बसून राहा.