कोळशाचा मनोरा आणि अवयवीचा प्रश्न

अवयव जोडून तयार झालेली वस्तू त्या अवयवांहून वेगळी असते, की अवयवांच्या समूहालाच दिलेले ते एक सोयीचे नाव असते, या प्रश्नावर नैयायिक आणि बौद्ध शतकानुशतके वाद घालत आले. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू यवन राजाला रथाचा एकेक भाग दाखवून यातला रथ कोणता असे विचारतो. उलट नैयायिकांच्या मते अवयवांच्या संयोगातून 'अवयवी', म्हणजे अवयवांत राहणारी पण त्यांच्याहून निराळी अशी नवी वस्तू, उत्पन्न होते. घट, पट आणि रथ ही या वादातील ठरलेली उदाहरणे. परंतु रेल्वेच्या छोट्या प्रतिकृती करणाऱ्या छांदिष्टाच्या टेबलावर खोक्यातून सुट्या भागांनी येणारा कोळशाचा मनोरा हे उदाहरण अधिक अडचणीचे, आणि म्हणूनच अधिक उपयोगाचे आहे.

वाफेच्या इंजिनांच्या काळात अमेरिकेतील मोठ्या यार्डांत असे मनोरे रुळांवर कमानीसारखे उभे असत. वाघिणीतील कोळसा जमिनीखालच्या खड्ड्यात ओतला जाई, बादल्यांच्या साखळीने तो वरच्या कोठारात चढे आणि तिथून पन्हळीतून आपल्याच भाराने इंजिनामागच्या टेंडरमध्ये पडे. आधीचे मनोरे लाकडी होते, नंतरचे काँक्रीटचे. २५ मीटर उंचीचा मनोरा १:८७ या प्रमाणात सुमारे २९ सेंटिमीटरचा होतो, तर १:१६० मध्ये जेमतेम १६ सेंटिमीटरचा. त्यामुळे किट निवडताना प्रथम प्रमाण, मग रुळांची संख्या आणि पन्हळीची उंची जुळते का हे पाहावे लागते.

सुटे भाग सांगाड्यातून कापून, कडा कानशीने घासून, चिकटवण्यापूर्वी ते एकदा कोरडेच जुळवून पाहायचे असतात. या अवस्थेत मनोरा डोळ्यांना पुरा दिसतो, पण वरचे कोठार उचलले तर खालचे खांब टेबलावरच राहतात. चिकटवल्यानंतर मात्र एक टोक धरले की सगळा मनोरा हातात येतो. धरणे आणि ओढणे यांवरून अवयवी सिद्ध होतो, असे न्यायसूत्रांत म्हटले आहे. तथापि भाष्यकार वात्स्यायनानेच या युक्तिवादाला हरकत नोंदवली आहे, आणि त्याचे उदाहरण इथे नेमके लागू पडते: लाखेने एकत्र चिकटवलेले गवत, दगड आणि लाकूडही एकदम ओढता येते, पण त्यातून नवे द्रव्य निर्माण झाले असे कोणी मानत नाही. प्लास्टिकचा गोंद लाखेपेक्षा पुढचा आहे, कारण तो दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतो. तरीही चिकटणे आणि एक होणे यांतील वात्स्यायनाने दाखवलेले अंतर त्याने मिटत नाही. मनोरा मनोरा होतो तो त्याच्याखाली रूळ, रुळावर इंजिन आणि टेंडरच्या बरोबर वर पन्हळ असा संबंध जुळल्यावरच. नाहीतर ती कपाटावर ठेवलेली करड्या रंगाची पेटी ठरते.

हा संबंध जुळवताना स्थळाचा प्रश्न येतो, आणि धाटावसारख्या ठिकाणी तो टाळता येत नाही. कुंडलिकेकाठच्या या औद्योगिक वसाहतीजवळच्या रोहा स्थानकापर्यंत रूळ पोचले ते १९८६ साली, आणि पुढे येथूनच सुरू होणारी कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाली ती डिझेल इंजिनांवर. म्हणजे कोळशाचा मनोरा येथे कधी नव्हताच. वैशेषिकांनी अशा अभावालाही पदार्थ मानून त्याचे प्रकार केले आहेत. वस्तू घडण्यापूर्वीचा प्रागभाव तिच्या कारणभूत अवयवांत राहतो, म्हणजे किटच्या बंद खोक्यात मनोऱ्याचा प्रागभाव असतो. जिथे मनोरे पाडले गेले तिथे प्रध्वंसाभाव आहे. आणि रोह्याला, जिथे तो कधी नव्हताच, अत्यंताभाव. ज्याचा प्रध्वंस झाला त्याची प्रतिकृती स्मरण म्हणून समजते, पण रोह्याच्या मांडणीत उभा केलेला मनोरा कशाचे स्मरण करील?

याच पट्ट्यात पेणला याहून निराळी गोष्ट घडते. साच्यातून निघालेले धड, वेगळे ओतलेले हात, मग जोडणी, रंग आणि शेवटी डोळ्यांची आखणी अशा क्रमाने गणपती घडतो, म्हणजे कारखान्यात तोही सुट्या भागांचाच असतो आणि गवतात बांधून माल म्हणूनच रवाना होतो. मात्र त्याचे देवत्व कोणत्याही मूळ वस्तूशी असलेल्या साम्यावर अवलंबून नसते. ते प्राणप्रतिष्ठेच्या विधीने येते आणि विसर्जनाने परत जाते. रोह्यात १९२० साली जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवले यांनी मूर्तिपूजेचे समर्थन चित्ताच्या एकाग्रतेच्या आधारे केले, तेही याच दिशेचे आहे. मनोऱ्याला असा विधी नाही. त्याची सारी भिस्त साम्यावर, त्यामुळे साम्य कशाशी राखायचे हे किट विकत घेण्यापूर्वीच ठरवावे लागते.

नाट्यानुभवाचा विचार करताना संस्कृत नाट्यमीमांसक शंकुकाने चित्रातील घोड्याचा दाखला दिला: तो पाहताना होणारे ज्ञान खरे नसते, खोटे नसते, संशय नसतो आणि केवळ सादृश्यही नसते. अभिनवगुप्ताने या मताचे खंडन मांडले असले, तरी पुण्यात कोथरूडच्या जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयातील प्रेक्षकाच्या बाबतीत शंकुकाचे म्हणणे पटण्यासारखे आहे. मात्र चित्रातला घोडा कोणत्या प्रदेशातला हे शंकुकाला विचारावे लागले नव्हते. भारतातील अनेक लोको शेडमध्ये कोळसा डोक्यावरच्या पाट्यांतून मजूर स्त्री-पुरुषांनी टेंडरवर चढवला. अमेरिकी मनोऱ्याचे किट तेथे बसवले तर चुकते ते नुसते वास्तुशिल्प नव्हे, तर त्या माणसांचे श्रमही मांडणीतून पुसले जातात. भारतीय शेड करू पाहणाऱ्याने म्हणून मनोरा बाजूला ठेवावा आणि लाकडाच्या तुकड्यांचा बुटका फलाट, चाळून घेतलेला कोळशाचा चुरा आणि डोक्यावर पाटी असलेल्या इंचाहूनही लहान आकृत्या स्वतः कराव्यात. काल्पनिक देशाची मांडणी करणाऱ्याला मात्र मनोरा खुशाल उभारता येईल, फक्त तिथल्या स्थानकावर रोह्याची पाटी लावू नये.