वही कोणाची उघडावी?

आळस आणि दारिद्र्य यांचे नाते काय, हा प्रश्न प्रपंचातला की परमार्थातला? वरवर पाहता तो प्रपंचातला वाटतो. पण आपण वारकरी मंडळी ग्रंथ हातात घेऊन बसतो, चार माणसांना दोन शब्द सांगतो, आणि ते शब्द कोणाच्या तरी जिवाला जाऊन लागतात. तेव्हा तोच प्रश्न परमार्थाचा होतो. माझ्या बाबतीत तो कसा झाला ते आधी सांगतो.

आमचे वढू बुद्रुक हे शिरूर तालुक्यातील भीमाकाठचे गाव. शंभुछत्रपतींची समाधी येथे असल्यामुळे दुरून दुरून लोक दर्शनास येतात. एके काळी हा सारा मुलूख शेतीवर जगणारा. आता सणसवाडी, रांजणगाव येथे कारखाने उभे राहिले आणि मराठवाडा-विदर्भातून कामासाठी आलेली कुटुंबे आसपासच्या गावांतून भाड्याच्या खोल्या घेऊन राहू लागली. गेल्या साली एका एकादशीला प्रवचनाची सेवा माझ्याकडे होती. विषय होता कर्म. बोलता बोलता मी म्हणून गेलो की, दारिद्र्याचे मूळ आळसात आहे. ज्याने त्याने आपली जबाबदारी ओळखली तर जगात कोणी गरीब राहणार नाही. वाक्य ठसक्यात आले. मंडळींनी माना डोलावल्या. मलाही बरे वाटले, खोटे कशाला सांगू?

आरती झाली. फराळाचे वाटप चालले असता परभणीकडची एक बाई पुढे आली, पाया पडली आणि हळूच म्हणाली, “महाराज, एक इचारू का? राग नका मानू. म्या पहाटं चारला उठते. सैपाक करून, लेकरांचं आवरून सातच्या पाळीला कंपनीत जाते. सांजच्याला आल्यावर दोन घरची भांडी घासते. खाडा पडला की हजेरी जाते, म्हून तापातबी जाते. माझा आळस कुठं हाय तेवढा दाखवा. म्या काढून टाकते.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती खरोखरच विचारीत होती, आणि तेच मला अधिक लागले. “पांडुरंगाची इच्छा” असे काहीतरी पुटपुटून मी वेळ मारून नेली. पण त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

प्रथम मनाने आपली बाजू घेतली. मी सांगितले ते संतांचेच नव्हे काय? संतांनी आळसाला थारा कोठे दिला आहे? सावतोबा अरणच्या मळ्यात राबले. गोरोबांनी तेरला माती तुडवली. नामदेवराय शिंप्याच्या घरचे, सेना महाराज नाभिकाचा धंदा करणारे. काम टाकून देव मिळवा, असे आपल्या पंथात कोणीच सांगितले नाही. पेरणी आटोपून आषाढीला निघावे आणि परत येऊन खुरपणीला लागावे, हा आपला शिरस्ता. इथवर माझे म्हणणे बरोबरच होते.

पण याच संतमालिकेत चोखोबा आहेत. मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर असता भिंत कोसळली आणि इतर मजुरांबरोबर तिच्याखाली त्यांचा अंत झाला. साल शके १२६०, म्हणजे इ. स. १३३८, असे सांगतात. काम करता करता देह ठेवलेला हा महात्मा अखेरपर्यंत दरिद्रीच होता. आता चोखोबांचा आळस कोठे शोधावा? पंढरपूरच्या महाद्वारात त्यांच्या समाधीसमोर उभे राहून ‘दारिद्र्याचे मूळ आळस’ असे म्हणण्याची छाती कोणाला होईल? मला तरी होणार नाही. आणि जे वाक्य चोखोबांसमोर म्हणवत नाही, ते त्या बाईसमोर मी कसे म्हटले?

मग तुकोबारायांचे चरित्र पुन्हा काढले. त्यांचे घराणे महाजनकीचे, दुकानदारीचे, देण्याघेण्याचे. १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. त्यात द्रव्य गेले, मान गेला, धंदा बुडाला, थोरली पत्नी अन्नावाचून गेली. हे तुकोबांनी स्वतःच अभंगांतून सांगितले आहे. दारिद्र्य काय वस्तू आहे हे त्यांना ग्रंथांतून शिकावे लागले नाही.

पुढची गोष्ट आपण सर्वांनी कीर्तनातून ऐकलेली आहे. महिपतीबोवांनी १७७४ च्या ‘भक्तलीलामृता’त ती वर्णिली आहे. लोकांकडून येणे असलेली खते घरात होती. तुकोबांनी ती काढली आणि त्यांचे दोन वाटे केले. एक वाटा धाकटे बंधू कान्होबा यांस दिला आणि आपला वाटा इंद्रायणीत बुडवला.

ही गोष्ट मी शंभर वेळा सांगितली असेल. परंतु त्या दोन वाट्यांकडे माझे लक्ष कधी गेले नव्हते. कान्होबांना प्रपंच करावयाचा होता. ‘तूही तुझी खते बुडव’ असे तुकोबांनी त्यांना म्हटले नाही. त्यांनी बुडवली ती आपली. दुसऱ्याच्या वाट्याला हात लावला नाही, आणि ज्यांच्याकडून येणे होते त्या कुळांनाही ‘तुमच्या आळसाने तुम्ही बुडालात’ असा उपदेश केला नाही. पुढे त्यांच्या अभंगांच्या वह्याही याच इंद्रायणीत गेल्या आणि तेरा दिवसांनी वर आल्या, असे आपण श्रद्धेने सांगतो. एकाच नदीने दोन तऱ्हांची कागदपत्रे पाहिली. येण्याचा हिशोब तळाशी गेला, नामाची वही तरली. ही इंद्रायणी आमच्या शेजारी तुळापूरला भीमेला मिळते आणि तेच पाणी पुढे चंद्रभागा म्हणून विठोबाच्या पायांशी जाते.

आता थोडे अलीकडे येऊ. तुकोबांनंतर सव्वादोनशे वर्षांनी आमच्याच शिरूर तालुक्यात पुन्हा खतांचा प्रश्न उभा राहिला. १८७४ च्या अखेरीस कर्डे गावच्या लोकांनी सावकारांवर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात दंगा उसळला आणि तो पुणे व नगर या जिल्ह्यांतील गावांतून पसरला. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. लोकांचा रोख मुख्यतः खतपत्रांवर होता. ती मिळवायची आणि चव्हाट्यावर जाळायची. जेथे खते मुकाट्याने हाती आली तेथे बहुधा मारहाण झाली नाही. जाळपोळीचे समर्थन मी करीत नाही. परंतु माणसे धान्याचे कोठार सोडून कागदावर का तुटून पडली, हे समजून घेतले पाहिजे.

सज्जनहो, सावकाराची वही हासुद्धा एक ग्रंथच होय. आमच्या शेतकऱ्याला तो वाचता येत नव्हता; पण त्याच्या आयुष्यावर दुसऱ्या कोणत्याही पोथीहून अधिक सत्ता त्याच ग्रंथाची होती. त्यात काय लिहिलेले असे? कुळाचे नाव, मुद्दल, व्याज आणि खाली अंगठा. ‘याने घेतले, याने द्यावे.’ एवढाच त्याचा सिद्धांत. काय लिहिलेले नसे? अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले आणि वर चढलेले कापसाचे भाव खाली आले, हे त्यात नव्हते. नव्या बंदोबस्तात सरकारने शेतसारा किती चढवला, हे नव्हते. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळे दर तीन वर्षांनी खत नवे करावे लागे आणि तसे करताना व्याज मुद्दलात मिसळून पुन्हा त्यावर व्याज चढे, हेही तिथे उघड लिहिलेले नव्हते. आकडा कदाचित बरोबर असेल. पण त्या वहीत सत्याची अर्धीच बाजू होती. जबाबदारी सगळी अंगठा उठवणाऱ्याची, बाकी कोणाचीच नाही!

सरकारने चौकशी केली आणि १८७९ मध्ये दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्यात मोठी गोष्ट ही होती की, न्यायाधीशाने नुसते खत पाहून निकाल देऊ नये. खताच्या मागे जाऊन मूळ देणे किती, व्याज किती, हे तपासावे. १८८३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यांनी शेतकऱ्याच्या चुका झाकल्या नाहीत, लग्नकार्यातील उधळपट्टीवर बोट ठेवले. पण तो शिकला का नाही, त्याच्या घामाचे कोण कोण काय काय घेते, हेही त्यांनी एकेक करून मांडले. खताच्या मागे जाऊन वाचण्याचे हेच काम होय.

विलायतेतही असाच प्रकार घडला. सॅम्युअल स्माइल्स यांचे स्वावलंबनावरील गाजलेले पुस्तक १८५९ मध्येच निघाले. होतकरू कामगार तरुणांना धीर यावा म्हणून दिलेल्या व्याख्यानांतून ते तयार झाले. पण लोकांनी त्याचा अर्थ ‘ज्याचे त्याने पाहावे’ असा घेतला, आणि स्वार्थाची स्तुती हा आपला हेतू नव्हता, असे लेखकाला १८६६ च्या आवृत्तीत सांगावे लागले. पुस्तक तेच; स्वतःसाठी वाचले तर काठी, दुसऱ्यावर उगारले तर तीच छडी.

आता कोणी म्हणेल, “बुवा, मग माणसाची काहीच जबाबदारी नाही काय? दारू पिऊन घर बुडवणारा, कर्ज काढून वरात नाचवणारा, हेही आम्ही पाहतो.” शंका रास्त आहे. गाडगेबाबांनी तर खडसावून सांगितले की, कर्ज काढून सण करू नका, व्यसन करू नका, मुलांना शाळेत घाला. पण बाबा हे केव्हा सांगत? आधी हातात खराटा घेऊन गाव झाडत आणि रात्री कीर्तनात बोलत. पंढरपूर, आळंदी, नाशिक येथे त्यांनी गरिबांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतःजवळ गाडग्याचे खापर ठेवले. बोलण्याआधी आपला वाटा फेडलेला असल्याने त्यांचा शब्द कडू असूनही लोकांना गोड लागे. तुकडोजी महाराजांनी १९५५ मध्ये ‘ग्रामगीता’ दिली. तिचे ४१ अध्याय आहेत आणि तिचा विषय एकटा माणूस नसून सगळा गाव आहे. श्रम कर, हे ती सांगतेच; पण श्रम करणाऱ्याच्या पदरी काय पडते, हेही गावाने पाहावे असे सांगते.

आणि आळसाचे म्हणाल तर १९७२ चा दुष्काळ आठवा. तेव्हा दुष्काळी कामे निघाली आणि १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे त्या कामांवर होती. बायाबापड्या भर उन्हात खडी फोडत होत्या. काम दिसले तेथे माणसे धावून आली. वि. स. पागे यांनी ज्यासाठी आग्रह धरला तो रोजगार हमीचा कायदा पुढे १९७७ मध्ये झाला. माणसाने काम करावे ही त्याची जबाबदारी, आणि काम मागणाऱ्याला ते मिळावे ही सर्वांची जबाबदारी, असे त्याचे सार आहे. एक बाजू सांगून दुसरी गिळली, तर तो धर्म नव्हे, सावकाराची वही झाली.

इतके वाचून झाल्यावर मी माझे कपाट उघडले. त्यातही एक वही आहे. माझ्या शेतावर काम करणाऱ्या गड्याने वेळोवेळी घेतलेली उचल तिच्यात मांडलेली होती. ‘हा कधी फेडायचा नाही, याला हिशोबच नाही,’ असे मी चारचौघांत म्हणत असे. तीही वही इंद्रायणीत सोडली, असे लिहावयास आवडले असते. पण तेवढे माझे पुण्य नाही. मी एवढेच केले की खताच्या मागे गेलो. चार वर्षे मी त्याची मजुरी वाढवली नव्हती. गावात चालू दर केव्हाच वर गेला होता. तो फरक त्याच्या जमेस धरला आणि पुन्हा बेरीज केली. सज्जनहो, बाकी माझ्याकडेच निघाली. ती मी दिली. दिली म्हणजे उपकार केला नाही, देणे फेडले. त्याने पैसे मोजले, टोपी सरळ केली आणि म्हणाला, “मालक, मला वाटायचंच. पर बोलणार कसं?”

पुढच्या एकादशीला मी सर्वांसमोर सांगितले की, मागल्या खेपेस माझ्या तोंडून चूक गेली. त्या बाईला ते ऐकवावयाचे होते. पण तिची पाळी होती. ती आली नव्हती.

माझ्या अल्पमतीला कळले ते इतकेच. कर्म, प्रारब्ध, जबाबदारी हे शब्द ‘मी’ या शब्दाबरोबर शोभतात. ‘माझ्या आळसाने माझे नुकसान झाले’ हा पश्चात्ताप आहे. त्याने माणूस सुधारतो. ‘तुझ्या आळसाने तू गरीब आहेस’ हा बहुधा निरोप असतो, म्हणजे आपण आता उठून जाण्यास मोकळे. संतांचे ग्रंथ आपल्या दोषांसाठी आहेत. दुसऱ्याचे दारिद्र्य दिसले तर त्याची वही मागू नये; आपली उघडावी.

या गावाला जबाबदारी म्हणजे काय, हे खरे तर कोणी शिकवावयास नको. १६८९ च्या मार्चमध्ये शंभुराजांची हत्या झाली. त्या भयाच्या दिवसांत येथील माणसांनी राजाच्या देहाचा अंत्यसंस्कार केला, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. कोणी काय केले याच्या कथा निरनिराळ्या आहेत. पण ‘हे माझे काम आहे काय?’ असे विचारीत कोणी थांबला, अशी कथा मात्र एकही नाही.

पांडुरंग तुम्हां-आम्हांस तेवढी बुद्धी देवो.

राम कृष्ण हरी.