वस्तीचा नकाशा आणि बंदुकीची दिशा

खटला कराडच्या शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातला, एका कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालावरून उभा राहिलेला. सर्वोच्च न्यायालयाने २० मार्च २०१८ रोजी त्यावर निकाल देताना ॲट्रॉसिटी कायद्यातल्या तत्काळ अटकेला लगाम घातला. त्याच्या निषेधार्थ २ एप्रिलला दलित संघटनांचा भारत बंद झाला, हिंसाचार उसळला आणि सर्वाधिक माणसे मेली ती मध्य प्रदेशात, ग्वाल्हेर-भिंड-मुरैना पट्ट्यात.

ग्वाल्हेरात गोळ्या चालल्या थाटीपूरला. एका अंगाला गल्ला कोठार, कुम्हारपुरा या दलित वस्त्या, दुसऱ्या अंगाला सवर्णांचा चौहान प्याऊ. रस्त्यावर उभा राहून पिस्तूल झाडणाऱ्या तरुणाचे चित्रण देशभर फिरले. मारले गेलेल्यांत दलित होते. गोळीला जात कळत नाही हे खरे. पण कोण कुठे राहतो हे आधीच ठरलेले असले, की तिला ते कळायची गरजही उरत नाही.

अमेरिकेत १९३० च्या दशकात सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना लाल रंग दिला, म्हणजे तिथे कर्ज धोक्याचे. फिलाडेल्फियातल्या संशोधकांना आजचा गोळीबार त्याच जुन्या लाल भागांत जास्त आढळला. तिथे मारणारा आणि मरणारा बहुधा एकाच कोंडलेल्या मोहल्ल्यातले असतात. थाटीपूरचे तसे नाही. इथे पिस्तूल रस्त्यापलीकडून आले.

कारण इकडे बंदूक हा मानाचा दागिना आहे. वरातीत हवेत बार उडतात, निवडणूक आली की परवानाधारक ठाण्यात बंदुका जमा करतात. २०१९ मध्ये ग्वाल्हेरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी परवान्यासाठी दहा झाडे लावण्याची अट घातली, पुढे गोशाळेला दहा कांबळी देण्याची. हसू येते, पण अर्जदारांची रांग केवढी असेल, तेही कळते. रांगेत पुढे सरकतो तो जमीन, पैसा आणि ओळख असलेला. बाकीच्यांना गावठी कट्टा, आणि तो सापडला तर तुरुंग.

वस्त्यांची ही वाटणी जुनीच. ग्वाल्हेरात दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० मध्ये पडली आणि तिथल्या लष्कर भागात दौलतगंज, फाळके बाजार वसले. आपण मराठी माणसे ही नावे कौतुकाने घेतो. ज्यांच्या नावाची पेठ झाली नाही, ते कुठे राहिले हे मात्र विचारत नाही.

संसदेने ऑगस्ट २०१८ मध्ये कायदा पूर्ववत केला. वस्त्या मात्र होत्या तिथेच आहेत. परवाना देताना अर्जदाराच्या जिवाला धोका आहे का, हे तपासतात. त्याच्या बंदुकीचा समोरच्या वस्तीला धोका आहे का, हेही तपासायला हवे, आणि तपासणाऱ्याने त्या वस्तीत जाऊन विचारायला हवे.