शेकरू आणि धनेश

स्वावलंबन हा सद्गुण आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मग कोणाची मदत घेणे हा कमीपणा आहे का?

महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू पाहा. भीमाशंकरच्या जंगलात ही मोठी खार उंच झाडांच्या बारीक फांद्यांवर काटक्या-पानांची घरटी बांधते. एक नव्हे, अनेक. बहुतेक वेळ ती एकटीच राहते.

आता केरळ आणि अरुणाचल प्रदेश यांचा राज्यपक्षी महाधनेश पाहा. मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा व अन्नाच्या अवशेषांनी तोंड लिंपून घेते. उरते फक्त एक फट. आत तिची उडण्याची पिसेही गळतात. नर फटीतून जे भरवील, त्यावरच तिचे आणि पिलाचे दिवस निघतात. बाहेर नर मारला गेला, तर आतले जीवही धोक्यात येतात.

पहिल्या नजरेला शेकरूच श्रेष्ठ वाटते. मलाही वाटायचे. गेल्या वर्षी परीक्षेच्या तोंडावर मी तापाने पडलो. मित्राने डबा आणला. ‘नको, माझे मी बघतो’ म्हणून मी तो परत पाठवला. उपाशी झोपलो आणि त्याला स्वाभिमान म्हटले. मित्राने पुन्हा कधी विचारले नाही.

पण शेकरू तरी खरेच स्वतंत्र आहे का? फांद्यांना फांद्या भिडलेल्या असतात, तोवरच ते या झाडावरून त्या झाडावर जाते. मधली झाडे तुटली, की त्याला जमिनीवर उतरावे लागते आणि तिथे ते असुरक्षित असते. धनेशाचा आधार दिसतो, शेकरूचा दिसत नाही, एवढेच.

मी वाणिज्य शाखेत शिकतो. ताळेबंदात मालकाचे स्वतःचे भांडवलसुद्धा देयतांच्या बाजूला लिहितात, कारण व्यवसाय ते त्याचे देणे लागतो. ज्याला आपण ‘माझे बळ’ म्हणतो, तेही असेच कोणाचे तरी देणे असते: आईचे, शिक्षकांचे, शेतकऱ्याचे.

याचा अर्थ हातपाय गाळून बसावे असा नाही. धनेशाची मादी आत आळसात नसते. ती अंडी उबवते, पिलू सांभाळते. आपले काम करावे आणि आधार मिळाला तर नम्रपणे घ्यावा. ‘नको’ म्हणण्यात अनेकदा स्वावलंबन नसतेच. असतो तो अहंकार.

प्राणी स्वभावाप्रमाणे जगतात. निवड आपल्याला करायची असते. मी त्या मित्राची क्षमा मागितली, पण फार उशिरा. आपणही असा एखादा डबा परत पाठवला असेल, तर आजच त्या घरी जाऊन या.