कणखर आणि कठोर

मराठीत ‘कणखर’ आणि ‘कठोर’ हे दोन शब्द आपण पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरून टाकतो. शेजारच्या एखाद्या आजीबाईंविषयी ‘बाई मोठी कणखर हो!’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्या उद्गारात थोडे कौतुक असते आणि थोडी धास्ती. कौतुक कणखरपणाचे असते, धास्ती कठोरपणाची. गुन्हेगारीवरचे चित्रपट पाहताना, विशेषतः त्यांतील पोलीस-अधिकारी स्त्रिया पाहताना, मला या दोन शब्दांची फार आठवण होते. पडद्यावर त्यांची अदलाबदल सर्रास चाललेली असते.

किरण बेदी १९७२ साली भारतीय पोलीस सेवेत आल्या. पुढे १९९० साली ‘कर्तव्यम्’ या तेलुगू चित्रपटातील पोलीस-अधिकारी रंगवून विजयाशांती यांनी राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. तेव्हापासून आपल्याकडे अशा नायिकांची परंपराच पडली म्हणायला हरकत नाही. आधी कोणी टगा तिला ‘बाईमाणूस’ म्हणून हिणवतो, आणि मग ती त्याच्या कानशिलात वाजवते. थिएटरात टाळ्यांचा कडकडाट होतो.

या टाळ्यांचाच मला प्रश्न पडतो. पुरुष अंमलदाराने ताब्यातल्या माणसाला बुकलले, तर निदान चार प्रेक्षकांच्या कपाळाला आठी पडते. तेच बाईने केले की ती आठी नाहीशी होते. कारण त्या एका हातामागे, कधीच उगारता न आलेले हजारो हात आपल्याला दिसत असतात. ते दिसणे खोटे नाही. पण म्हणून मार हा मार राहत नाही काय?

२०१४ सालचा ‘मर्दानी’ घ्या. या शब्दाला झाशीच्या राणीचे तेज आहे. सुभद्राकुमारी चौहान यांच्या कवितेने तो घरोघरी नेला. तरी त्याच्या पोटात ‘मर्द’ बसला आहे तो आहेच. शौर्य बाईचे, पण नाव उसने! राणी मुखर्जींची शिवानी ही मुंबईच्या गुन्हे शाखेतील अधिकारी. मुली पळवून विकणाऱ्या टोळीचा माग ती काढते, तो बराचसा चिकाटीने आणि डोक्याने. अपराधी फोनवरून तिला डिवचतो, पण ती धागा सोडत नाही. हा कणखरपणा खरा आणि पाहण्याजोगा आहे. शेवटी मात्र ती त्याला कोर्टापुढे उभा करीत नाही. त्यानेच नासवलेल्या मुलींच्या हवाली करते, आणि त्या त्याला जिवे मारतात. मुलींचा संताप मला कळतो. पण ज्या कायद्याच्या बळावर ही बाई दारात उभी राहिली, तोच तिने बाजूला सारला, आणि आपण सुटकेचा निःश्वास टाकला. याचे काय करायचे?

निशिकांत कामत यांच्या ‘दृश्यम’ने (२०१५) हा निःश्वास आपल्याला टाकू दिला नाही. गोव्यातली पोलीस महानिरीक्षक मीरा देशमुख ही स्वतः आई आहे. तिचा मुलगा नाहीसा झाला आहे. तब्बूच्या चेहऱ्यावर वर्दी आणि माया यांतली सीमारेषा पुसत जाते, आणि अखेर संशयिताच्या लहानग्या मुलीवरही हात पडतो. येथे टाळी वाजत नाही. आईची माया मऊच असते, असे आपण आजवर समजत आलो. ती इतकी कठोर होऊ शकते, हे पाहून अंगावर काटा येतो. मारामारीच्या दहा चित्रपटांपेक्षा हा एक प्रसंग मला अधिक खरा वाटतो.

परदेशी पडद्यावर सारे काही शहाणपणाचेच चालते असे नव्हे. पण १९९६ सालच्या ‘फार्गो’तील मार्ज मला विसरता येत नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या एका छोट्या गावाची ही पोलीस-प्रमुख, आणि तिला सातवा महिना लागलेला. पहाटे खुनाची वर्दी येते, तेव्हा नवरा तिला उपाशी जाऊ देत नाही, उठून अंडी करून घालतो. बर्फातल्या पावलांच्या ठशांवरून ती घडलेले बिनचूक सांगते. मध्येच वाकते, तर आपल्याला वाटते प्रेत पाहून बिचारीला मळमळले. तसे काही नसते. ती सकाळची ओकारी असते आणि थोड्याच वेळात तिला पुन्हा भूक लागते! फ्रान्सेस मॅकडॉरमंड यांना या भूमिकेबद्दल ऑस्कर मिळाले.

मार्ज शेवटी एका भयंकर खुन्याला एकटीच पकडते. तो पळू लागतो तेव्हा पायावर गोळी झाडते, त्यापलीकडे त्याला बोट लावीत नाही. मोटारीत मागे त्याला बसवून ती त्याच्याशी बोलते, चुकलेल्या पोराशी मोठ्या माणसाने बोलावे तशी. थोड्याशा पैशांसाठी इतकी माणसे मारली, हे तिला खरोखरच उमगत नसते. तो गप्प असतो. रात्री ती घरी येते. नवऱ्याने काढलेले बदकाचे चित्र टपालाच्या तिकिटासाठी निवडले गेलेले असते, पण अवघ्या तीन सेंटांच्या. म्हणून तो हिरमुसलेला. टपालाचे दर वाढले की लोकांना तीच छोटी तिकिटे लागतात, असे ती त्याला समजावते. बाळाला अजून दोन महिने असतात.